नव्या मातीतील फुले

मुलांनो, तुम्ही कधी घर बदलले आहे का?

आमचे जुने घर पुण्याच्या घोरपडे पेठेत होते. मी सातवीत असताना आम्ही कोंढव्याला राहायला गेलो. त्या दिवशी दारात टेम्पो उभा होता. भांडी, गाद्या, कपाट, शिलाई मशीन, सगळे सामान एकेक करून निघाले. अम्मी मात्र खुरपे घेऊन अंगणात बसली होती. पत्र्याच्या डब्यांतून तिने गुलछडीचे कंद उकरून काढले, त्यांची माती झटकली आणि ते जुन्या ओढणीत बांधले. नव्या घरी पोहोचल्यावर दोन दिवसांनी तिने ते कंद लावले. मला वाटले, आठवड्याभरात फुले येतील. पण किती तरी दिवस काहीच दिसले नाही. मग हिरवी पाने आली. त्या वर्षी फक्त दोनच छड्यांना फुले आली. बाकीच्या कंदांना नुसती पाने. दुसऱ्या वर्षी मात्र रात्री दार उघडले की सारे घर सुगंधाने भरून जाई.

गुलछडीला तुम्ही घरी गुले शब्बो म्हणत असाल. मराठीत तिला निशिगंध असेही म्हणतात. निशा म्हणजे रात्र. रात्री जिचा सुगंध दरवळतो, ती निशिगंध. गुलछडी या शब्दात तर तुमच्या ओळखीचा 'गुल' आहेच. मेक्सिको या दूरच्या देशातून हे फूल आपल्याकडे आले आणि इथल्या मातीत असे रुजले की आज ते परके वाटतच नाही.

कंदाचे एक वैशिष्ट्य लक्षात ठेवा. बी लहान असते. त्याच्याजवळ शिदोरी थोडीच असते. कंद मात्र आपले अन्न आपल्या पोटात साठवून ठेवतो. म्हणून त्याला एका जागेवरून उपटले, वाळवले, दूरच्या गावी नेले, तरी तो मरत नाही. नवी माती आणि थोडे पाणी मिळाले की तो पुन्हा जोम धरतो.

काही माणसे आणि काही घराणीही अशीच असतात. आज आपण पुण्यातील अशाच एका घराण्याची आणि त्या घराण्यात जन्मलेल्या एका थोर माणसाची ओळख करून घेणार आहोत. त्यांचे नाव महात्मा जोतीराव फुले.

फुले हे या घराण्याचे मूळ आडनाव नव्हते. मूळ आडनाव होते गोऱ्हे. सातारा जिल्ह्यातील कटगुण हे त्यांचे गाव. जोतीरावांच्या पणजोबांचा तिथल्या कुलकर्ण्याशी मोठा झगडा झाला. त्यामुळे त्यांना गाव सोडावे लागले. ते पुरंदर तालुक्यातील खानवडी या गावी येऊन राहिले. तेथे त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव शेटीबा. पुढे शेटीबा आपल्या मुलांना घेऊन पुण्यात आले. म्हणजे तीन पिढ्यांत या कुटुंबाने तीन गावे पाहिली.

शेटीबांना तीन मुलगे होते. राणोजी, कृष्णा आणि गोविंद. पुण्यात त्यांचे ना घर होते, ना शेत. पण त्यांनी हातात कसब कमावले. कंदाजवळ जशी शिदोरी असते, तशी त्यांच्याजवळ ही कला होती. ते फुलांच्या व्यवसायात शिरले. फुले पिकवावीत, हार गुंफावेत, गजरे करावेत, फुलांच्या गाद्या तयार कराव्यात, अशी कामे ते फार सुंदर करीत. त्यांची कीर्ती पेशव्यांच्या कानावर गेली. पेशव्यांनी त्यांना पुण्याजवळ ३५ एकर जमीन इनाम दिली. लोक त्यांना फुलवाले, फुले म्हणू लागले. गोऱ्हे हे आडनाव मागे पडले. नव्या मातीने त्यांना नवे नाव दिले.

पण सुख फार दिवस टिकले नाही. थोरल्या भावाने इनामाची जमीन एकट्याच्या नावावर करून घेतली. धाकटे गोविंदराव पुन्हा रिकाम्या हाताने उभे राहिले. तरी ते खचले नाहीत. त्यांनी कष्टाने भाजीचा आणि फुलांचा धंदा उभा केला, थोडी जमीनही मिळवली. त्यांच्या पत्नीचे नाव चिमणाबाई. या दांपत्याला राजाराम आणि जोतीराव असे दोन मुलगे झाले. जोतीरावांचा जन्म ११ एप्रिल १८२७ रोजी झाला. ते वर्षाचे होण्याच्या आतच त्यांची आई वारली. सगुणाबाई क्षीरसागर या नात्यातील बाईंनी त्यांना आईच्या मायेने वाढवले.

वयाच्या सातव्या वर्षी जोतीराव शाळेत जाऊ लागले. मुलगा हुशार होता. पण त्या काळी माळ्याच्या मुलाने शिकावे, हे अनेकांना पसंत नव्हते. गोविंदरावांच्या दुकानात एक कारकून होता. शिकून मुलगा बिघडेल, शेतीच्या कामाचा राहणार नाही, असे त्याने गोविंदरावांच्या मनात भरवले. गोविंदराव साधे गृहस्थ होते. त्यांनी मुलाला शाळेतून काढले. पाटी गेली आणि हाती खुरपे आले. जोतीराव मळ्यात राबू लागले. १८४० साली त्यांचे लग्न नायगावच्या सावित्रीबाईंशी झाले. जोतीराव तेरा वर्षांचे होते आणि सावित्रीबाई नऊ वर्षांच्या.

दिवसभर मळ्यात काम करून जोतीराव रात्री दिव्याजवळ पुस्तक घेऊन बसत. हे शेजारच्या एका गृहस्थांनी पाहिले. त्यांचे नाव गफार बेग मुनशी. ते उर्दू आणि फारसीचे शिक्षक होते. या मुलाच्या डोळ्यांतील तहान त्यांनी ओळखली. लिजिट नावाच्या एका इंग्रज गृहस्थांचेही जोतीरावांकडे लक्ष गेले होते. या दोघांनी गोविंदरावांची समजूत घातली. मुलाचे शिक्षण थांबवू नये, असे त्यांनी पुन्हा पुन्हा सांगितले. शेवटी गोविंदराव तयार झाले. १८४१ साली जोतीराव स्कॉटिश मिशनच्या शाळेत दाखल झाले.

मुलांनो, इथे क्षणभर थांबा आणि विचार करा. गफार बेग मुनशी त्या दिवशी गप्प राहिले असते, तर काय झाले असते? दुसऱ्याच्या घरात आपण कशाला बोलावे, असे म्हणून ते आपल्या वाटेने गेले असते, तर? मग कदाचित महाराष्ट्राला महात्मा फुले मिळालेच नसते. एका उर्दूच्या शिक्षकाने शेजारधर्म पाळला आणि एक कंद वाळून जाता जाता वाचला.

१८४७ साली जोतीरावांचे इंग्रजी शाळेतील शिक्षण पूर्ण झाले. पुढच्याच वर्षी एक घटना घडली. एका ब्राह्मण मित्राच्या लग्नाच्या वरातीत ते चालले होते. माळ्याच्या मुलाने आमच्या बरोबरीने चालावे हे काही लोकांना सहन झाले नाही. त्यांनी जोतीरावांचा अपमान केला. जोतीराव घरी परतले. त्यांना रात्रभर झोप आली नाही. शिकलेल्या, खात्यापित्या घरच्या मुलाला ही वागणूक, तर ज्यांच्याजवळ काहीच नाही, त्यांचे काय हाल होत असतील? या प्रश्नाचे एकच उत्तर त्यांना सापडले. ते उत्तर म्हणजे शिक्षण. आणि ते सर्वांत आधी मुलींना द्यायचे, असे त्यांनी ठरवले. आई शिकली तर घर शिकते, अशी त्यांची खात्री होती.

१८४८ साली पुण्याच्या बुधवार पेठेतील भिडे वाड्यात जोतीरावांनी मुलींची शाळा काढली. पण शिकवणार कोण? त्यांनी स्वतः सावित्रीबाईंना घरी शिकवले होते. सावित्रीबाई शाळेत शिकवू लागल्या. रस्त्याने जाताना लोक त्यांच्यावर शेण आणि चिखल फेकीत. त्या घाबरल्या नाहीत. त्या एक जादा लुगडे बरोबर ठेवीत, शाळेत जाऊन ते बदलीत आणि शिकवायला उभ्या राहत.

मग गोविंदरावांवर लोकांचा दबाव येऊ लागला. जातीतले लोक आणि गावातले वजनदार लोक त्यांना बोलू लागले. मुलाने आणि सुनेने हे काम सोडावे, नाहीतर घर सोडावे, अशी वेळ आली. गोविंदरावांचे मुलावर प्रेम नव्हते असे समजू नका. त्यांना समाजाची भीती वाटत होती. त्यांनी स्वतः एकदा सर्व गमावले होते. पुन्हा सर्व गमावण्याचे बळ त्यांच्यात उरले नव्हते.

१८४९ साली जोतीराव आणि सावित्रीबाई घराबाहेर पडले. जोतीराव बावीस वर्षांचे होते, सावित्रीबाई अठरा वर्षांच्या. आजोबांनी खानवडी सोडली तेव्हा घराण्याला पुढे फुलांच्या कलेने तारले. नातवाने बापाचे घर सोडले तेव्हा त्याच्याबरोबर अक्षरे होती. या कठीण काळात गंज पेठेतील उस्मान शेख या मित्राने त्यांना आसरा दिला, असे सांगितले जाते. फातिमा शेख या सावित्रीबाईंच्या सहकारी होत्या. १८५६ साली सावित्रीबाई आजारपणामुळे माहेरी नायगावला होत्या. तेथून जोतीरावांना पाठवलेल्या पत्रात त्यांनी फातिमाची आठवण काढली आहे. आपण नसल्यामुळे फातिमाला फार काम पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्यांनी त्या पत्रात दाखवला आहे. दोन मैत्रिणींचा हा विश्वास किती मोलाचा आहे!

भिडे वाड्यातील ती पहिली शाळा काही महिन्यांतच बंद पडली. पैसा नव्हता, विरोध मोठा होता. आमच्या अम्मीच्या कंदांना पहिल्या वर्षी जशी नुसती पाने आली, तसेच हे झाले. पण पाने आली म्हणजे मूळ जिवंत आहे, हे माळ्याला कळते. जोतीराव माळ्याचे पुत्र होते. त्यांनी धीर सोडला नाही. १८५१ साली बुधवार पेठेत चिपळूणकरांच्या वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली. त्याच वर्षी रास्ता पेठेत दुसरी आणि १८५२ साली वेताळ पेठेत तिसरी शाळा निघाली. अस्पृश्य मानलेल्या मुलामुलींसाठीही त्यांनी शाळा काढल्या. १६ नोव्हेंबर १८५२ रोजी पुण्याच्या विश्रामबाग वाड्यात सरकारतर्फे जोतीरावांचा जाहीर सत्कार झाला. ज्यांना तीनच वर्षांपूर्वी घर सोडावे लागले होते, त्यांना आता शालजोडी मिळाली.

पण खरे फूल पुढे उमलले. १८५५ साली मुक्ता साळवे या चौदा वर्षांच्या विद्यार्थिनीने एक निबंध लिहिला. ती मातंग समाजातील होती आणि जोतीरावांच्या शाळेत शिकत होती. आपल्या समाजाचे दुःख तिने या निबंधात निर्भयपणे मांडले. तो 'ज्ञानोदय' या पत्रात छापला गेला. जिच्या हाती कधी पाटी येणार नव्हती, तिचे शब्द आता लोक वाचू लागले. यापेक्षा मोठा सत्कार कोणता?

जोतीरावांचे काम वाढतच गेले. १८५५ साली त्यांनी दिवसभर राबणाऱ्या लोकांसाठी रात्रीची शाळा काढली. १८६३ साली संकटात सापडलेल्या विधवांसाठी आपल्या घराचे दार उघडले, म्हणजे त्यांची मुले जन्मताच मारली जाऊ नयेत. अशाच एका मुलाला, यशवंतला, त्यांनी दत्तक घेतले. तो पुढे डॉक्टर झाला. १८६८ साली त्यांनी आपल्या घरचा पाण्याचा हौद अस्पृश्य मानलेल्या लोकांसाठी खुला केला. २४ सप्टेंबर १८७३ रोजी त्यांनी सत्यशोधक समाजाची स्थापना केली. 'गुलामगिरी' हे त्यांचे पुस्तकही त्याच वर्षी प्रसिद्ध झाले. प्रेषित महंमद यांच्याविषयीही त्यांनी आदराने काव्य लिहिले.

एवढी कामे करीत असताना पोट कसे भरत होते, असे तुम्ही विचाराल. जोतीरावांनी शाळांवर पोट भरले नाही. ते बांधकामाची कंत्राटे घेत आणि शेती करीत. पुण्याजवळ मांजरी येथे त्यांचा मळा होता. खडकवासल्याचे धरण झाल्यावर कालव्याचे पाणी आले. पण पुष्कळ शेतकरी ते पाणी घेण्यास बिचकत होते. जोतीरावांनी कालव्याच्या पाण्यावर बागायत करून दाखवली. तोंडाने सांगण्याआधी हाताने करावे, ही त्यांची रीत होती. १८८३ साली त्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' हे पुस्तक लिहिले. शेतातील माती वाहून जाऊ नये म्हणून बांध घालावेत, तळी बांधावीत, चांगले बियाणे आणि चांगली जनावरे यांची सोय करावी, शेतकऱ्याच्या मुलांना शिकवावे, अशा कितीतरी गोष्टी त्यांनी त्यात मांडल्या. मातीत हात घातलेला माणूसच असे लिहू शकतो.

१८७६ पासून काही वर्षे जोतीराव पुणे नगरपालिकेचे सभासदही होते. त्या काळात शहरासाठी मोठी मंडई बांधण्याची चर्चा सुरू झाली. एवढा पैसा इमारतीवर घालण्यापेक्षा तो लोकांच्या शिक्षणावर खर्च करावा, असे जोतीरावांचे मत होते. मंडई १८८६ साली उघडली. तिला गव्हर्नर रे यांचे नाव मिळाले. पुढे तेच नाव बदलून महात्मा फुले मंडई झाले. आज तुम्ही भाजी आणायला तिथे जाता, तेव्हा ही गोष्ट आठवा. भाजी आणि फुले विकणाऱ्या बापाच्या मुलाचे नाव त्या दगडी इमारतीला आहे.

२ मार्च १८८८ रोजी पुण्यात इंग्लंडच्या राजपुत्राच्या सन्मानार्थ मेजवानी होती. जमलेले लोक भरजरी कपड्यांत आले होते. जोतीराव मात्र मुद्दाम गरीब शेतकऱ्याच्या वेषात गेले. दारावर त्यांना अडवण्यात आले. आत गेल्यावर त्यांनी भाषण केले. या झगमगाटावरून हिंदुस्थानची पारख करू नका, खरा देश खेड्यांत आहे आणि तो गरीब आहे, असे त्यांनी राजपुत्राला सांगितले. त्याच वर्षी ११ मे रोजी मुंबईत झालेल्या सभेत लोकांनी त्यांना महात्मा ही पदवी दिली.

त्यानंतर दोनच महिन्यांनी जोतीरावांना अर्धांगवायूचा झटका आला. त्यांची उजवी बाजू लुळी पडली. ज्या हातात खुरपे आणि कलम दोन्ही शोभत होती, तो हात चालेना. पण त्यांचे एक पुस्तक लिहायचे राहिले होते. त्यांनी डाव्या हाताने लिहायला सुरुवात केली. एकसष्ट वर्षांच्या माणसाने लहान मुलासारखी पुन्हा अक्षरे गिरवली आणि पुस्तक पूर्ण केले. 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' हे ते पुस्तक. ते १८९१ साली छापून झाले. पण ते पाहायला जोतीराव राहिले नव्हते. २८ नोव्हेंबर १८९० रोजी त्यांचे निधन झाले होते. आपल्याला घरामागच्या जमिनीत पुरावे, अशी त्यांची इच्छा होती. नगरपालिकेने तशी परवानगी दिली नाही. त्यांच्यावर अग्निसंस्कार झाले. मग त्यांच्या अस्थी त्याच अंगणात आणून ठेवण्यात आल्या. अशा रीतीने ते आपल्या मातीत परत आले. सावित्रीबाईंनी पुढे सहा वर्षांहून अधिक काळ हे काम चालवले. १८९७ साली प्लेगच्या रोग्यांची सेवा करताना त्यांना तो रोग झाला आणि १० मार्च रोजी त्याही गेल्या.

जोतीराव राहत होते, तो वाडा आजही पुण्यात आहे. त्या पेठेला पूर्वी गंज पेठ म्हणत. आता तिचे नाव महात्मा फुले पेठ आहे. वाड्यात त्यांची समाधी आहे आणि विहीरही आहे. या जागेला समता भूमी म्हणतात. आमच्या घोरपडे पेठेतील घरापासून ती अगदी जवळ होती. लहानपणी मी तिच्यासमोरून कितीदा तरी गेले, पण आत कधी गेले नाही. शिक्षिका झाल्यावर पहिल्यांदा आत गेले आणि मला माझीच लाज वाटली. गफार बेग मुनशी नसते तर हा वाडा ओळखला गेला नसता, आणि हा वाडा नसता तर माझ्यासारखी मुलगी फळ्यासमोर उभी राहिली असती का? भिडे वाड्याची जुनी इमारत २०२३ साली पाडण्यात आली. तिच्या जागी राष्ट्रीय स्मारक करण्याचे ठरले.

मुलांनो, तुमच्यापैकी कित्येकांच्या घरचे लोक दुसऱ्या गावाहून पुण्यात आले असतील. कोणी मराठवाड्यातून, कोणी उत्तरेकडून, कोणी शेजारच्याच जिल्ह्यातून. सुरुवातीला नवी जागा परकी वाटते. नवी भाषाही अवघड वाटते. मराठीचा हा धडा वाचतानाही काहींना तसे वाटत असेल. घाबरू नका. या धड्यातील बाग, जमीन, इनाम, कलम, मुनशी हे शब्द तुमच्या घरातलेच आहेत. ते कधी काळी मराठीच्या मातीत लावले गेले आणि तेथेच रुजले.

उन्हाळ्याच्या शेवटी गुलटेकडीच्या बाजाराकडे गेलात, किंवा एखाद्या रोपवाटिकेत गेलात, तर गुलछडीचे दोन-चार कंद आणा. अंगण नसेल तर कुंडी चालेल. तेल किंवा तुपाचा रिकामा डबाही चालेल, पण त्याला खाली भोक पाडा, म्हणजे पाणी साचून कंद कुजणार नाही. कंदाचे टोक वर ठेवा आणि तो तीन-चार बोटे खोल लावा. रोज उकरून पाहू नका. पहिल्या वर्षी फक्त पाने आली तर उपटून फेकू नका.

आणि तुमच्या शेजारी, तुमच्याच वयाचा एखादा मुलगा किंवा मुलगी शाळा सोडून कामाला जात असेल, तर गफार बेग मुनशींची आठवण ठेवा. आपल्या अब्बांना, आपल्या शिक्षकांना सांगा. त्यांना घेऊन त्या घरी जा. एकदा नाही ऐकले, तर पुन्हा जा.